हातावर तुरी देणारे शहात्तर

काटेरी कुंपणावरून मोटारसायकल उडवणारा स्टीव्ह मॅक्क्वीन! १९६३ सालचा ‘द ग्रेट एस्केप’ पाहिलेल्यांना बाकीचं काही आठवो न आठवो, ती उडी आठवतेच. आणि नेमकी तीच खऱ्या इतिहासात नाही. मार्च १९४४मध्ये जर्मनांच्या युद्धकैदी छावणीतून जे ७६ जण निसटले, त्यांच्यापैकी कुणीही मोटारसायकलवरून पळालं नव्हतं. मॅक्क्वीनला वेगाचं वेड होतं. शिवाय आपल्या वाट्याला फार काही आलेलं नाही म्हणून तो रुसला होता, सेट सोडून गेला होता. जेम्स गार्नर आणि जेम्स कोबर्न या सहकलाकारांनी त्याची समजूत काढली, पटकथेवर पुन्हा हात फिरवला गेला. मोटारसायकलचा पाठलाग आला तोही त्याच्याच आग्रहाने.

गंमत पुढेच आहे. ती मोठी उडी मॅक्क्वीनने मारलेलीच नाही! मारली ती त्याचा मित्र बड एकिन्स याने. चित्रपटाचा सर्वांत मोठा तारा हातपाय मोडून बसला असता तर सगळंच चित्रीकरण थांबलं असतं, त्यामुळे ती जोखीम कुणी घेऊ दिली नाही. मॅक्क्वीनने मात्र बाकीचा पाठलाग झोकात चालवला. त्याच्या वेगाला पुरे पडतील असे स्वार मिळेनात, तेव्हा त्याने जर्मन शिपायाचा गणवेश चढवला आणि काही दृश्यांत स्वतःच स्वतःचा पाठलाग केला. पुन्हा पाहाल तेव्हा मागून येणाऱ्या जर्मन स्वाराची बसण्याची ढब नीट न्याहाळा.

आणि ती ‘जर्मन’ मोटारसायकल? अस्सल ब्रिटिश. ट्रायम्फ टीआर६ ट्रॉफी, युद्ध संपल्यानंतर बऱ्याच वर्षांनी बाजारात आलेली, रंग बदलून लष्करी रूप दिलेली. कुंपणाचे काटेही लोखंडी नव्हते, रबराचे होते. खरी होती ती फ्युसेनजवळची बव्हेरियातली हिरवीगार कुरणं. एकिन्सची उडीही शंभर नंबरी खरी. पुढे १९६८च्या ‘बुलिट’मध्येही मॅक्क्वीनच्या जागी गाडी हाकणाऱ्यांत हाच एकिन्स होता.

एवढं वाचून कुणाला वाटेल, म्हणजे सिनेमा सगळा बनाव. अजिबात नाही. या सिनेमाचं मला सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते याचसाठी, की जे पाहताना ‘छे, असं कुठे असतं का’ असं वाटतं, नेमकं तेच घडलेलं आहे.

जमिनीखाली नऊ मीटर

छावणीचं नाव स्टालाग लुफ्ट ३. जागा सागान, बर्लिनच्या आग्नेयेला साधारण १६० किलोमीटरवर. आज हे गाव झागान्य या नावाने पोलंडमध्ये आहे. जर्मनांनी जागा फार विचार करून निवडली होती. वरची माती करडी, खालची वाळू पिवळीधमक. कुणी खणलं की उकरलेली वाळू लगेच डोळ्यांत भरणार. वाळू भुसभुशीत, म्हणजे भुयार ढासळणार. कैद्यांच्या बराकी जमिनीपासून उंच उचललेल्या, म्हणजे पहारेकऱ्यांना खाली वाकून पाहता येणार. वर जमिनीत मायक्रोफोन पुरलेले, खणण्याचा आवाज टिपायला.

कैद्यांनी प्रत्येक गोष्टीला तोड काढली. आवाज ऐकू जाऊ नये म्हणून सरळ नऊ मीटर खाली उतरले. भुयार ढासळू नये म्हणून स्वतःच्या खाटांच्या फळ्या काढून भिंती आणि छताला लावल्या. पळापळीनंतर जर्मनांनी छावणीतली मोजदाद केली, तेव्हा सुमारे ४,००० फळ्या गायब होत्या. त्यांच्याबरोबर १,७०० ब्लँकेटं, ३,४२४ टॉवेल, १,२१९ सुऱ्या, ४७८ चमचे, ५८२ काटे, वीस-वीस माणसांची ५२ टेबलं आणि ३४ खुर्च्या! चमचा खिशात जाईल, पण वीस जणांचं टेबल पहारेकऱ्यांच्या नाकावर टिच्चून कसं नाहीसं केलं असेल?

भुयारं तीन. नावं टॉम, डिक आणि हॅरी. ‘भुयार’ हा शब्द उच्चारायलाच बंदी होती, म्हणून माणसांची नावं. एक सापडलं तरी जर्मनांना वाटेल की एवढं मोठं भुयार सापडलं म्हणजे संपलं सगळं. बाकीची दोन सुरूच राहतील, असा हिशेब.

भुयारांची तोंडं लपवण्यातली कल्पकता पाहून मी तर थक्क होतो. हॅरीचं तोंड १०४ नंबरच्या बराकीत, पेटत्या शेगडीखाली. जळती शेगडी उचलून बाजूला ठेवायची, खाली उतरायचं, वरच्याने ती पुन्हा जागेवर ठेवायची. डिकचं तोंड त्याहून बेमालूम होतं. न्हाणीघरात सांडपाण्याचा खड्डा होता, त्याच्या बाजूच्या भिंतीत ते केलेलं. आधी पाणी उपसायचं, मग फरशी सरकवायची, आत माणूस गेला की पुन्हा पाणी भरायचं. पाण्याच्या खड्ड्यात कोण शोधणार? डिक जर्मनांना शेवटपर्यंत सापडलं नाही. ते सापडलं २००३ साली, पुरातत्त्वज्ञांना.

टॉम मात्र सप्टेंबर १९४३मध्ये पकडलं गेलं. सिनेमात हा शोध ४ जुलैला, अमेरिकन कैदी आपला स्वातंत्र्यदिन साजरा करत असताना लागतो. प्रसंग फार परिणामकारक आहे, तारीख मात्र पटकथेची.

हॅरीची लांबी सुमारे १०२ मीटर. क्रिकेटच्या पाच खेळपट्ट्या एकापुढे एक अंथराव्यात, एवढी. उंची-रुंदी मात्र जेमतेम दोन-दोन फूट, म्हणजे एका माणसाने पोटावर सरपटावं इतकीच. आत रूळ टाकलेले, रुळांवर लाकडी ट्रॉली, ट्रॉलीला दोर. वाटेत दोन ठिकाणी ट्रॉली बदलण्याचे थांबे. लंडनच्या आठवणीत त्यांची नावं ठेवली पिकॅडिली आणि लेस्टर स्क्वेअर. उजेडाला आधी चरबीचे दिवे, वात पायजम्याच्या नाडीची. पुढे विजेची वायर चोरून आत बल्बसुद्धा लावले. हवेसाठी हाताने चालवायचा भाता, आणि हवा पुढे नेणारी नळी रेड क्रॉसकडून आलेल्या दूध पावडरीच्या रिकाम्या डब्यांची, डबा डब्याला जोडून.

आता ती पिवळी वाळू. सिनेमातल्या ज्या दृश्याला प्रेक्षक हमखास हसतात ते हेच: कैदी विजारीच्या आत लपवलेल्या पिशव्या घेऊन मैदानात हिंडतात, खिशातली दोरी ओढतात, आणि वाळू हळूच पायांवरून जमिनीवर ओघळते, मग पायाने ती मातीत कालवायची. हे जसंच्या तसं खरं आहे. या माणसांना ‘पेंग्विन’ म्हणत, कारण ओझ्यामुळे चाल डुलती होई. अशा सुमारे २५,००० फेऱ्या झाल्याचा अंदाज आहे. थंडीत जमीन बर्फाने झाकली गेली तेव्हा हे थांबवावं लागलं. मग वाळू कुठे टाकली? छावणीत कैद्यांनीच बांधलेलं नाट्यगृह होतं, त्याच्या खुर्च्यांखाली. वर नाटक, खाली टनावारी वाळू!

मोटारसायकलच्या उडीपेक्षा मला ही मंडळी जास्त थरारक वाटतात. ६००हून अधिक माणसं वर्षभर या कामाला जुंपलेली होती, आणि त्यातल्या बहुतेकांना ठाऊक होतं की बाहेर पडण्याचा नंबर आपला नसणार.

होकायंत्र, ग्रामोफोनच्या तबकडीचं

कारागिरांची एकेक खाती होती. कागदपत्रांचं खातं टिम वॉलेन यांच्याकडे. सिनेमातला डोनाल्ड प्लेझन्सचा बनावट कागद करणारा कॉलिन ब्लाइथ आठवा, त्यामागे हे काम आहे. प्रवासाचे परवाने, ओळखपत्रं सगळं हाताने. छापील वाटावी अशी अक्षरं ब्रशने काढायची. शिक्के बुटांच्या रबरी टाचा कोरून बनवायचे. हवे ते मूळ कागद आणि कॅमेरासुद्धा पहारेकऱ्यांकडूनच मिळवायचा, कॉफी, चॉकलेट, सिगरेट, साबण यांच्या बदल्यात. युद्धामुळे जर्मनांना या गोष्टी पाहायलाही मिळत नव्हत्या. कैद्यांना त्या रेड क्रॉसच्या पार्सलांतून मिळत.

शिंप्यांचं खातं टॉमी गेस्टचं. गणवेश उसवून, ब्लँकेटं कापून नागरी कोट शिवायचे. रंगवायला बुटांचं पॉलिश आणि पुस्तकांच्या बांधणीचा रंग. नकाशे डेस प्लंकेटचे, आणि त्यांच्या प्रती काढायला वापरली खायची जेली!

होकायंत्रं करायचा ऑस्ट्रेलियन अल हेक. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या तापवून मऊ करायच्या, साच्यात दाबून डबी बनवायची, ब्लेडचा तुकडा चुंबकावर घासून सुई करायची, वर फुटक्या खिडकीची काच. आणि प्रत्येक होकायंत्राच्या बुडाशी कोरलेलं असे: स्टालाग लुफ्ट ३मध्ये बनवलेलं. मृत्यू दाराशी असताना आपल्या मालावर शिक्का मारणाऱ्या या माणसाला माझा सलाम आहे.

पडद्यावरचे कैदी, आयुष्यातले कैदी

डोनाल्ड प्लेझन्स चित्रीकरणाच्या वेळी दिग्दर्शक जॉन स्टर्जेस यांना काही सूचना करायला गेला. स्टर्जेसनी त्याला सौजन्याने गप्प केलं. नंतर कुणीतरी सांगितलं, की हा नट रॉयल एअर फोर्समध्ये होता, १९४४ साली त्याचं लँकेस्टर विमान पाडलं गेलं आणि तो स्टालाग लुफ्ट १मध्ये खराखुरा कैदी होता. त्यानंतर स्टर्जेस स्वतःहून त्याचा सल्ला घेऊ लागले.

जर्मन कमांडंटची भूमिका करणारा हानेस मेस्सेमर युद्धात सोव्हिएत सैन्याच्या कैदेत होता. पटकथेच्या दोन लेखकांपैकी जेम्स क्लॅव्हेल सिंगापूरच्या चांगीत जपान्यांचा कैदी होता, आणि त्या अनुभवावर त्याने ‘किंग रॅट’ ही कादंबरी लिहिली. हवं ते कुठूनही पैदा करणारा हेंडली साकारणारा जेम्स गार्नर कोरियाच्या युद्धात आपल्या तुकडीसाठी हेच उद्योग करत असे.

चार्ल्स ब्रॉन्सन भुयार खणणारा डॅनी झाला आहे. खणण्यात पटाईत, पण बंदिस्त जागेला भिणारा. ब्रॉन्सन स्वतः तरुणपणी पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीत राबलेला. त्याच्या चेहऱ्यावरची ती भीती पाहताना ही गोष्ट मनात ठेवावी. खऱ्या छावणीत ही भीती होती पॉल ब्रिकहिलला. हा ऑस्ट्रेलियन वैमानिक ट्युनिशियात पाडला गेला, सागानला आला, भुयाराच्या कामात सामील झाला; पण बंद जागा सोसत नसल्यामुळे पळणाऱ्यांच्या यादीतून त्याला वगळण्यात आलं. तो वाचला, आणि १९५०मध्ये त्याने जे पुस्तक लिहिलं त्यावरच हा सिनेमा बेतला आहे.

खऱ्या भुयारांचा मुख्य कर्ता होता कॅनडाचा वॉली फ्लडी, खाणीच्या कामातला जाणकार. खणताना तो वाळूखाली गाडलाही गेला होता. सिनेमाचा तांत्रिक सल्लागार म्हणून त्यालाच बोलावलं. तरीही पडद्यावर कॅनडा जवळजवळ नाही, अमेरिका मात्र भरपूर! खरं तर अमेरिकन कैद्यांनी सुरुवातीच्या कामात मदत केली होती. पण सप्टेंबर १९४३मध्ये त्यांना दुसऱ्या आवारात हलवलं गेलं, त्यामुळे त्या रात्री त्यांच्यातलं कुणी पळालं नाही. अमेरिकेत तिकिटं खपवायची तर अमेरिकन नायक हवा, हे व्यवहाराला धरून आहे. कॅनेडियनांची नाराजी मला त्याहून रास्त वाटते.

ती रात्र

२४ मार्च १९४४. सिनेमात सगळं हिरवंगार दिसतं, कारण चित्रीकरण १९६२च्या उन्हाळ्यात झालं. प्रत्यक्षात बर्फ साचलेलं होतं आणि कडाक्याची थंडी. भुयाराची बाहेरची झडप गोठून बसली, ती उघडण्यातच वेळ गेला. उघडल्यावर कळलं, की भुयार झाडीपर्यंत पोचलेलंच नाही! तोंड उघड्यावर, टेहळणीच्या मनोऱ्याजवळ. मग दोर टाकला. झाडीतल्या माणसाने दोर ओढून इशारा दिला की पुढच्याने निघायचं. त्यातच हवाई हल्ल्यामुळे दिवे गेले. २०० जण पाठवायचा बेत होता. पहाटे पाचच्या सुमाराला पहारेकऱ्याने ७७व्या माणसाला पाहिलं तेव्हा ७६ बाहेर पडलेले होते.

घरी पोचले तिघं. दोन नॉर्वेजियन, पेर बेर्गस्लँड आणि येन्स म्युलर, श्टेट्टीन बंदरातून जहाजाने स्वीडनला. तिसरा हॉलंडचा ब्राम फान डर स्टॉक, सारा युरोप ओलांडून स्पेनमार्गे. सिनेमातही दोघं जहाजाने सुटतात आणि एक स्पेनला पोचतो. मार्ग खरे ठेवले, माणसं बदलली.

उरलेले ७३ पकडले गेले. हिटलरच्या हुकमावरून त्यातल्या ५० जणांना गेस्टापोने गोळ्या घातल्या. सिनेमात त्यांना एका माळावर एकदम मारतात. प्रत्यक्षात एकेकटं किंवा दोघादोघांना, निरनिराळ्या ठिकाणी नेऊन मारलं. मोहिमेचा म्होरक्या रॉजर बुशेल, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला बॅरिस्टर, स्पिटफायरचा वैमानिक, वय ३३, त्यांतलाच. सिनेमात रिचर्ड अॅटनबरोने केलेला बार्टलेट म्हणजे हाच. (अॅटनबरो पुढे आपल्याला भेटले ते ‘गांधी’चे दिग्दर्शक म्हणून.) कागदवाले टिम वॉलेन आणि होकायंत्रवाला हेक हेही त्या पन्नासांत होते.

पळताना गोळी लागून मेले, असं जर्मनांनी कळवलं. ब्रिटिश कैद्यांचे वरिष्ठ अधिकारी ग्रुप कॅप्टन मॅसी यांनी एकच प्रश्न विचारला: जखमी किती? उत्तर आलं, एकही नाही. सिनेमात हा संवाद आहे, आणि तो लेखकाने रचलेला नाही. युद्ध संपल्यावर रॉयल एअर फोर्सच्या तपास पथकाने मारेकऱ्यांना युरोपभर शोधून काढलं. १९४७मध्ये हँबर्गला खटला चालला, फाशी झाल्या. सिनेमा त्या पन्नास जणांनाच अर्पण केलेला आहे.

थोडं इकडचं, थोडं तिकडचं

एल्मर बर्नस्टीनचं संगीत इतकं गुणगुणण्यासारखं, की इंग्लंडच्या फुटबॉल सामन्यांत प्रेक्षकांचा बँड अजून ते वाजवतो. ऑस्करचं नामांकन मात्र एकच, संकलनासाठी. आणि शीतयुद्ध ऐन भरात असताना मॉस्कोच्या चित्रपट महोत्सवाने सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार दिला तो मॅक्क्वीनला! २०००च्या ‘चिकन रन’मध्ये कोंबड्या खुराड्यातून पळायला बघतात, तो सगळा मामला या सिनेमाला केलेला मुजरा आहे.

स्टालाग लुफ्ट ३मधूनच, त्या ७६ जणांच्या आधी पाच महिने, ऑक्टोबर १९४३मध्ये तिघं निसटले होते, आणि ते तिघंही सुखरूप घरी पोचले. त्यांनी व्यायामाचा लाकडी घोडा रोज कुंपणाजवळच्या मैदानात ठेवला. वरून बाकीचे उड्या मारत, घोड्याच्या पोटात दडलेला माणूस खाली भुयार खणत असे. त्यावर १९५०मध्ये ‘द वुडन हॉर्स’ निघाला. खऱ्या घोड्यावर उड्या मारणाऱ्यांतला पीटर बटरवर्थ पुढे नट झाला. ‘द वुडन हॉर्स’मध्येच भूमिका मागायला गेला, तर त्याला नाकारलं. शरीरयष्टी त्या कामाला शोभत नाही म्हणून!

आणि आपल्याकडच्या पळालेल्यांचं काय? ११ मे १९४४ला, सागानच्या घटनेनंतर जेमतेम सात आठवड्यांनी, फ्रान्समधल्या एपिनाल इथल्या छावणीवर अमेरिकन विमानांचे बॉम्ब पडले. तिथे ब्रिटिश भारतीय सैन्यातले कैदी होते. तटाला भगदाडं पडली, कैदी बाहेर सांडले, आणि फ्रेंच गावकऱ्यांनी दिलेल्या अन्नावर, चालत चालत त्यांतले सुमारे ५०० जण स्वित्झर्लंडला पोचले. तिघांच्या तुलनेत पाचशे! हॉलिवूडने या पाचशेंना कधी हात लावला नाही, आणि मला त्याची खंत वाटते.

दिलीप परुळकरांची गोष्ट मात्र पडद्यावर आली. १९७१च्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट परुळकरांचं सुखोई-७ पाकिस्तानात पाडलं गेलं. रावळपिंडीच्या छावणीत त्यांनी मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या वैमानिकांना बरोबर घेतलं, कोठडीची भिंत पोखरली आणि ऑगस्ट १९७२मध्ये एका रात्री तिघं बाहेर पडले. पेशावर गाठलं, तिथून लंडी कोतल. अफगाण सरहद्द अवघी काही मैल उरली होती. नकाशावर रेल्वे लंडी खान्यापर्यंत दाखवली होती, म्हणून त्यांनी लंडी खान्याची वाट विचारली. तिथली गाडी १९३२पासून बंद होती. परक्या माणसांनी हे नाव घेतल्यावर लोकांना संशय आला आणि तिघं पकडले गेले. डिसेंबर १९७२मध्ये बाकीच्या युद्धकैद्यांबरोबर ते मायदेशी परतले, परुळकर पुढे हवाई दलात ग्रुप कॅप्टन झाले, आणि २०१९मध्ये त्यांच्यावर ‘द ग्रेट इंडियन एस्केप’ निघाला. मॅक्क्वीनचा सिनेमा पाहून झाला की त्याच आठवड्यात हाही पाहावा.